शब्द नसलेल्या अल्बमचं परीक्षण : 'अलेलुया! डोंट बेंड! असेंड!' चं एक प्रकरण

गाण्यांच्या अल्बमवर लिहिताना समीक्षकाला एक सोय असते. दोन ओळी उचलायच्या, त्यांचा अर्थ लावायचा, गायकाच्या आयुष्याशी सांधा जुळवायचा, की निम्मा मजकूर हातात येतो. वाद्यसंगीताच्या रॉक अल्बमला ही सोय नाही. तिथे परीक्षण उभं राहतं ते रेकॉर्डच्या आजूबाजूला जे शब्द सापडतील त्यांच्यावर: तुकड्यांची नावं, मुखपृष्ठ, प्रसिद्धीपत्रक, बँडचा पूर्वेतिहास. यातून नेमकं काय बिघडतं आणि काय साधतं, हे पाहायला कॅनडातल्या माँट्रियलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या बँडचा 'अलेलुया! डोंट बेंड! असेंड!' हा २०१२ चा अल्बम फार सोयीचा आहे.

सोयीचा अशासाठी की एरवी न जमणारी तुलना इथे आयती मिळते. हा अल्बम सुमारे ५३ मिनिटांचा. त्यातल्या दोन मोठ्या तुकड्यांची मिळून ४० मिनिटं होतात, आणि ते दोन्ही तुकडे बँड २००३ पासून मंचावर वाजवत होता. चाहत्यांनी केलेली कार्यक्रमांची रेकॉर्डिंग इंटरनेटवर उघड पडून होती. म्हणजे तीन-चतुर्थांश संगीत 'नवं' नव्हतंच. नवी होती ती नावं, वेष्टण आणि वेळ. तेव्हा २०१२ च्या परीक्षणांत जे नव्याने दिसलं, त्यातलं बरंचसं कुठून आलं ते शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पार्श्वभूमी, लागेल तेवढीच

बँड १९९४ चा. एफ्रिम मेनक, माइक मोया आणि माउरो पेझेन्ते यांनी सुरुवात केली. नाव घेतलं मित्सुओ यानागिमाची यांच्या १९७६ च्या जपानी माहितीपटावरून. पहिलीच कॅसेट फक्त ३३ प्रतींची. १९९७ मध्ये माँट्रियलच्याच कॉन्स्टेलेशन रेकॉर्ड्सने पहिली एलपी काढली. तिची पाकिटं हाताने भरलेली होती आणि त्यांत रेल्वेच्या चाकाखाली चेपलेलं नाणं घातलेलं होतं. २००० मध्ये दुहेरी अल्बम आला आणि बँडची कीर्ती पक्की झाली.

मग २००२ चा 'यांकी यू.एक्स.ओ.'. शिकागोत ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांच्याकडे रेकॉर्ड केलेला, आधीच्या कामात ठिकठिकाणी असणारे बोललेले आवाज नसलेला, कोरडा. त्याचं स्वागत आधीच्या मानाने थंड झालं. पाकिटाच्या मागे बड्या रेकॉर्ड कंपन्या आणि शस्त्रास्त्र उद्योग यांचे संबंध दाखवणारी एक आकृती छापली होती. तिच्यावर बरीच शाई खर्च झाली. त्या आकृतीतला काही तपशील चुकीचा असल्याचं पुढे बँडनेच मान्य केलं. पुढच्या दशकातला पेच इथेच दिसू लागतो. सुरांबद्दल लिहिणं अवघड, आकृतीबद्दल लिहिणं सोपं.

२००३ नंतर बँड थांबला. २०१० मध्ये परतला आणि त्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या माइनहेडला 'ऑल टुमॉरोज पार्टीज'चा महोत्सव त्यांच्या निवडीने भरला. पुढची दोन वर्षं नुसते कार्यक्रम. नव्या रेकॉर्डबद्दल चकार शब्द नाही.

अल्बम बाहेर कसा आला

ऑक्टोबर २०१२ च्या अगदी सुरुवातीला बोस्टनच्या कार्यक्रमात, टी-शर्ट विकायच्या टेबलावर, एक अनोळखी एलपी ठेवलेली दिसली. लोकांनी ती विकत घेतली, फोटो टाकले आणि मगच कॉन्स्टेलेशनकडून घोषणा झाली. दुकानांत अल्बम आला १५ आणि १६ ऑक्टोबरला. म्हणजे घोषणा आणि विक्री यांत जेमतेम पंधरवडा.

परीक्षणाच्या धंद्यात याचे परिणाम होतात. नेहमीचा क्रम असा: एक गाणं आधी सोडायचं, मग दुसरं, व्हिडिओ, मुलाखती, सहा-आठ आठवडे आधी पत्रकारांना प्रती. या काळात अल्बमबद्दलचं एक ठरीव वाक्य तयार होतं आणि बहुतेक परीक्षणं त्या वाक्याच्या आगेमागे फिरतात. इथे ते वाक्य बनवायला कुणाला वेळच मिळाला नाही. आधी सोडलेलं गाणं नाही, बँडचे ठरवून काढलेले फोटो नाहीत, एकट्या कुणा सदस्याची मुलाखत नाही. 'गार्डियन'ला त्या महिन्यात उत्तरं मिळाली ती सगळ्या बँडच्या नावाने.

पोकळी राहिली की ती सर्वांत जवळच्या वस्तूने भरते. इथे सर्वांत जवळची वस्तू होती 'परत येणं'. दहा वर्षांनी रेकॉर्ड, ही बातमी अल्बमपेक्षा मोठी ठरली. परीक्षणामागून परीक्षण पहिले दोन-तीन परिच्छेद त्याच हिशेबात घालवतं. बातमी म्हणून ते रास्तच आहे. पण आठशे शब्दांची जागा असेल आणि त्यातले तीनशे पुनरागमनात गेले, तर ५३ मिनिटांच्या संगीताला पाचशे उरतात.

रेकॉर्डचे भाग

चार तुकडे. 'म्लादिच', सुमारे २० मिनिटं. 'देअर हेलिकॉप्टर्स सिंग', साडेसहा. 'वी ड्रिफ्ट लाइक वरीड फायर', पुन्हा २०. शेवटी 'स्ट्रंग लाइक लाइट्स ॲट दी प्रँताँ एराब्ल', साडेसहा. सीडीवर आणि फाइलींत हाच क्रम: मोठा, लहान, मोठा, लहान.

एलपीवर मात्र दोन मोठे तुकडे १२ इंची तबकडीच्या एकेका बाजूला आहेत आणि दोन लहान तुकडे वेगळ्या ७ इंची तबकडीवर. हा फरक वरवरचा नाही. १२ इंची तबकडीच्या एका बाजूवर २०-२२ मिनिटांपर्यंत आवाजाची पातळी आणि खर्ज नीट राखता येतो. त्यापुढे खाचा एकमेकींच्या जवळ आणाव्या लागतात, मग आवाज उतरवावा लागतो आणि पहिला बळी खर्जाचा जातो. मोठा आणि लहान तुकडा एकाच बाजूवर घातला असता तर साडेसव्वीस मिनिटं झाली असती. दोन बास आणि दोन ड्रमवादक असलेल्या बँडला ते परवडणारं नाही.

आता परीक्षणाच्या अंगाने पाहा. लहान तुकडे म्हणजे ड्रोन: तंबोऱ्यासारखा अखंड धरलेला सूर, त्यावर घासलेल्या तारा, गिटारचा फीडबॅक. ताल नाही, चाल नाही. फाइली ऐकणाऱ्याला ते दोन डोंगरांमधल्या खिंडीसारखे भेटतात, आणि अनेकांनी त्यांना 'भरणा' किंवा 'विसावा' म्हणून एका ओळीत उरकलं. एलपी ऐकणाऱ्याला हे तुकडे आपोआप भेटतच नाहीत. 'म्लादिच' संपल्यावर सुई उचलायची, १२ इंची बाजूला ठेवायची, छोटी तबकडी लावायची, आणि ती साडेसहा मिनिटं मुद्दाम ऐकायची. किंवा ती न लावता सरळ दुसरी बाजू उलटायची. एकाच नावाचे हे दोन वेगळे अल्बम झाले. आपण कोणता ऐकला हे सांगणारी परीक्षणं थोडीच होती. या बँडच्या बाबतीत ही चूक अधिक खटकते, कारण पहिल्या अल्बमची एलपी आणि नंतर क्रँकी या दुसऱ्या कंपनीने काढलेली सीडी यांतही मजकुराचा फरक होता. जाणकारांना ते ठाऊक होतं.

'म्लादिच' : नाव बदललं आणि कान बदलले

२००३ पासून हा तुकडा चाहत्यांत 'अल्बेनियन' म्हणून ओळखला जाई. ते कामचलाऊ नाव. रेकॉर्डवर आला तो रात्को म्लादिच या नावाने: १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर बोस्नियाक पुरुष आणि मुलं मारली गेली, त्या हत्याकांडाचा सेनापती. म्लादिच २६ मे २०११ ला सर्बियातल्या लाझारेवो गावात पकडला गेला आणि मे २०१२ मध्ये हेगला त्याचा खटला सुरू झाला. अल्बम त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचा.

या नावाने परीक्षणांचा सूर ठरवला. तुकडा युद्धाबद्दल आहे, त्यातला भडिमार तोफांचा आहे, तारांचं घासणं म्हणजे शोक, असं लिहिणं स्वाभाविक झालं. गंमत एवढीच की हीच धून, हाच चढ, हाच भडिमार बँड म्लादिच पकडला जाण्याच्या आठ वर्षं आधीपासून वाजवत होता. 'संगीत म्लादिचबद्दल आहे' हे विधान म्हणून टिकत नाही. टिकतं ते एवढंच: बँडने २०१२ मध्ये हे संगीत ऐकताना आपल्या मनात हे नाव असावं असं ठरवलं. दोन्हींत अंतर आहे, आणि चांगलं परीक्षण त्या अंतरातच लिहिलं जातं.

नाव बाजूला ठेवून तुकडा ऐकला तर काय हाती येतं? सुरुवातीला एक बोललेला आवाज, तुटक, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मग धरलेला सूर, त्यावर तारा आणि फीडबॅक हळूहळू चढत जातात. ड्रम लगेच येत नाहीत. ते आल्यावर जी मुख्य चाल सुरू होते ती जड, ठासून वाजवलेली, आणि तिला पुष्कळ समीक्षकांनी 'मध्यपूर्वेची' किंवा 'पौर्वात्य' म्हटलं. हे विशेषण अनेकदा येतं. ते कोणत्या स्वरामुळे सुचतं, हे मात्र जवळजवळ कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. रिषभ कोमल आहे की शुद्ध, गंधार कोणता, एवढं सांगितलं तरी चित्र स्पष्ट झालं असतं आणि आखातापासून बाल्कनपर्यंतचा अख्खा नकाशा एका शब्दात कोंबावा लागला नसता. रॉक समीक्षेत स्वरांची नावं घेण्याची सवय कमी, हे खरं कारण. वाचक बिचकेल ही भीती दुसरं.

शेवटची दोनेक मिनिटं पाहण्यासारखी आहेत. वाद्यं थांबतात आणि भांड्यांचा आवाज येतो: पातेली, झाकणं, चमचे, अनेक हात, उघडा रस्ता. हे माँट्रियलमधलं २०१२ चं ध्वनिमुद्रण. माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकच्या सरकारने विद्यापीठांची वार्षिक फी पाच वर्षांत २,१६८ डॉलरवरून ३,७९३ डॉलरवर नेण्याचं ठरवलं, फेब्रुवारीपासून विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला. १८ मे रोजी निदर्शनांवर बंधनं घालणारा कायदा झाला आणि त्याच्या निषेधार्थ लोक रात्री आठला बाल्कनीत, रस्त्यावर येऊन भांडी वाजवू लागले. सप्टेंबरच्या निवडणुकीत ते सरकार गेलं आणि फीवाढ रद्द झाली. अल्बमच्या चौथ्या तुकड्याच्या नावातला 'प्रँताँ एराब्ल', म्हणजे फ्रेंचमध्ये 'मेपलचा वसंत', तो हाच.

मुंबईत १९७२-७३ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या लाटणे मोर्चात थाळ्यांचा गजर ज्यांनी ऐकला असेल त्यांना तो आवाज काय आहे हे सांगावं लागणार नाही. पण लंडन-न्यू यॉर्कला बसलेल्या समीक्षकाला संदर्भ माहीत नसेल, तर ते एक खडखडीत तालवाद्य होऊन जातं. हा भाग २००३ च्या 'अल्बेनियन'मध्ये असणं शक्यच नव्हतं. म्हणजे या तुकड्यात निःसंशय २०१२ चं असं जे काही आहे ते शेवटी आहे, आणि त्याचा बाल्कनशी काही संबंध नाही. नावाने सगळ्यांना सर्बियाकडे वळवलं आणि खुद्द माँट्रियल मागे राहिलं. ज्या परीक्षणांनी दोन्ही धरलं, म्हणजे नाव दूरच्या गुन्हेगाराचं आणि शेवट घरच्या रस्त्याचा, त्यांनी या तुकड्याबद्दल सर्वांत जास्त सांगितलं.

'वी ड्रिफ्ट' : नाव काही सांगत नाही तेव्हा

दुसरा मोठा तुकडा चाहत्यांत 'गॅमेलान' या नावाने फिरत होता. रेकॉर्डवरचं नाव काव्यमय, पण त्यातून कोणतीही बातमी निघत नाही. परिणाम असा की या तुकड्यावरचं लिखाण एकूण बरं आहे. समीक्षकांना पकडायला शब्द नव्हता, मग त्यांनी रचनेला हात घातला. छेडलेल्या गिटारची छोटीशी आकृती, तिच्याभोवती एकेक वाद्य जमत जाणं, मध्यावरचा तो उघडा, जवळजवळ आनंदी चढ, तो कोसळल्यावरची काळोखी चाल आणि तिथून दुसरं शिखर. या बँडकडून इतकं उजळ संगीत क्वचित ऐकू येतं, यावर बऱ्याच जणांचं एकमत झालं. ते मत ऐकून बनलेलं आहे.

अशा संगीताला लावलं जाणारं 'पोस्ट-रॉक' हे लेबल समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये रूढ केलं. पुढे त्याचा अर्थ 'हळू सुरू, मग मोठा धडाका' एवढाच उरला. या तुकड्यात ते सूत्र मोडतं, कारण शिखर मध्यावर येऊन जातं आणि दहा मिनिटं बाकी असतात. मिनिट-सेकंदाची नोंद करत ऐकणाऱ्याला हे लगेच दिसतं. आठवणीवर लिहिणारा पुन्हा 'हळूहळू चढत जाणारा' असंच लिहून मोकळा होतो.

गुण, आकडे आणि त्यांची चाळणी

'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाने १० पैकी ९.३ दिले आणि 'बेस्ट न्यू म्युझिक'चा शिक्का मारला. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या 'मेटाक्रिटिक' या संकेतस्थळावरची सरासरी ८० च्या वर गेली. हे आकडे वाचताना एक हिशेब लक्षात ठेवावा. मेटाक्रिटिक सगळ्या गुणांचं शंभरात रूपांतर करतं आणि प्रकाशनांना कमी-जास्त वजन देऊन सरासरी काढतं. ९.३ चे होतात ९३. पाचपैकी चार तारे म्हणजे ८०. आणि 'सार्वत्रिक प्रशंसा' हा वर्ग सुरू होतो ८१ पासून. म्हणजे जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्राने चार तारे दिले, जे तिथे उत्तम मानले जातात, तरी अल्बम खालच्या वर्गातच बसेल. दशांश गुण देणारी दोन-तीन मासिकं वर ओढतात तेव्हाच तो उंबरठा ओलांडला जातो. त्यामुळे ८० आणि ८४ यांत संगीताचा फरक शोधू नये.

विरोधी मतं कमी होती, पण बिनबुडाची नव्हती. तक्रारी साधारण तीन: बँड दहा वर्षांपूर्वी जिथे होता तिथेच आहे, मोठे तुकडे जुने आहेत, लहान तुकडे जागा भरतात. दुसरी तक्रार खरी, पण अपुरी. जुनं रेकॉर्डवर आणताना काय बदललं हे सांगितलं तरच तिला वजन येतं, आणि २००३ ची टेप शेजारी ठेवून ऐकल्याशिवाय ते सांगता येत नाही. तुलनेची साधनं फुकट उपलब्ध होती. इंटरनेट आर्काइव्हच्या कार्यक्रम-संग्रहात या बँडची रेकॉर्डिंग बँडच्या संमतीने ठेवलेली आहेत. तासाभराचं काम होतं. पहिली तक्रार चवीची. बँडने बदलायलाच हवं, हा रॉक समीक्षेचा जुना हट्ट आहे. त्यात तथ्य किती, हा वेगळा विषय.

ज्यांनी कार्यक्रम पाहिले होते त्यांचं लिखाण वेगळं ओळखू येतं. मंचावर अंधार, वादक अर्धवर्तुळात बसलेले, मागे १६ मिलिमीटरची फिल्म आणि सुरुवातीच्या सुरावर फिल्मवर खरवडलेला 'होप' हा थरथरणारा शब्द. फिल्म चालवणारे कार्ल लेम्यू यांचं नाव बँडच्या सदस्यांत येतं. या आठवणीने परीक्षण जिवंत होतं, पण घोळही होतो. प्रेक्षागृहातल्या आवाजाचा दाब, जो छातीत जाणवतो, तो रेकॉर्डच्या खात्यावर जमा केला जातो. खोलीत ठेवलेल्या दोन स्पीकरमधून तो येत नाही.

असं परीक्षण करायचं तर

पहिली ऐकणी नावं झाकून. फाइलींना १, २, ३, ४ असे आकडे द्यावेत, पाकीट उघडू नये. कागदावर फक्त वेळ आणि घटना: ड्रम कधी आले, बास कधी थांबला, व्हायोलिन मुख्य चाल धरतं की नुसती किनार देतं, मोठ्यात मोठा आवाज कुठे. २० मिनिटांच्या तुकड्यात अशा बारा-पंधरा नोंदी व्हायला हव्यात. पाचच झाल्या असतील तर लक्ष कुठेतरी भटकलं होतं.

दुसरी ऐकणी साधनं बदलून. बास गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते. लॅपटॉपचे स्पीकर दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुके असतात. दोन बास असलेल्या बँडचा पाया तिथे ऐकूच येत नाही. कान वरच्या स्वरांशांवरून अंदाज बांधतो. लहान तुकडे कंटाळवाणे वाटण्यामागे अनेकदा हेच असतं. ड्रोनमधली हालचाल तळाशी आणि जवळजवळच्या सुरांच्या आंदोलनांत असते, तीच कापली गेली तर उरतो नुसता गोंगाट. बरे हेडफोन किंवा मोठे स्पीकर, आणि आवाज पहिल्या पाच मिनिटांच्या हिशेबाने वाढवू नये. या बँडची शांत सुरुवात ऐकायला म्हणून आवाज चढवला की दहाव्या मिनिटाला तो उतरवावा लागतो, आणि रचनेतला चढ आपणच मोडून टाकलेला असतो.

तिसऱ्या वेळी नावं आणि पाकीट घ्यावं, आणि आधीच्या नोंदी समोर ठेवून पाहावं की नावामुळे कोणत्या जागा आता वेगळ्या वाटतात. त्या जागा परीक्षणात तशाच सांगाव्यात: हे ऐकू येतं, आणि हे नावामुळे ऐकू येतं. मंचावरची जुनी टेप असेल तर ती चौथी ऐकणी. भावनेची विशेषणं (उदात्त, विराट, प्रलयंकारी) शेवटच्या खर्ड्यात मोजावीत. प्रत्येकाशेजारी एखादी वेळेची नोंद दाखवता येत नसेल तर ते विशेषण काढावं. या संगीतप्रकारावरचं अर्धं लिखाण ढग, पर्वत आणि जगाचा अंत यांनी भरलेलं असतं, आणि ते कोणत्याही दुसऱ्या बँडच्या परीक्षणात उचलून ठेवलं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

पोलारिस, आणि संगीत पुन्हा मागे

कॅनडाचा पोलारिस पुरस्कार २००६ पासून दिला जातो. विक्री, प्रकार, कंपनी काहीही न पाहता केवळ कलात्मक गुणवत्तेवर वर्षातला एक अल्बम निवडायचा, हा नियम. पत्रकार, रेडिओवाले, ब्लॉगलेखक यांची मोठी ज्युरी आधी ४० ची आणि मग १० ची यादी काढते. त्यानंतर ११ जणांची अंतिम ज्युरी सोहळ्याच्याच संध्याकाळी बसून विजेता ठरवते. २०१३ च्या दहांत टेगन अँड सारा, मेट्रिक, प्युरिटी रिंग, अ ट्राइब कॉल्ड रेड अशी नावं होती. शिवाय सॅक्सोफोनवादक कॉलिन स्टेटसन यांचा अल्बम, तोही कॉन्स्टेलेशनचाच. एका छोट्या स्वतंत्र कंपनीचे दहांत दोन, आणि दोन्ही मुख्यतः वाद्यसंगीताचे.

२३ सप्टेंबर २०१३ ला टोरंटोत गॉडस्पीडचं नाव जाहीर झालं. रक्कम ३०,००० कॅनेडियन डॉलर. बँड हजर नव्हता. कॉन्स्टेलेशनचे इयन इलाव्स्की यांनी पुरस्कार स्वीकारला. त्यापाठोपाठ बँडचं निवेदन आलं. त्यात आधी आभार होते, दखल घेतली गेल्याचा आनंदही होता. मग टीका: काटकसरीच्या काळात असा थाटाचा सोहळा कशाला, संगीतकारांना एकमेकांविरुद्ध उभं करणं कशाला, आणि ध्रुवावरचं बर्फ वितळत असताना त्या खर्चासाठी मोटार कंपनीचा हात कशाला धरायचा. पुरस्काराची प्रायोजक त्या वर्षी टोयोटा होती. पैशांतून क्वेबेकमधल्या कैद्यांना वाद्यं मिळवून देण्याचा प्रयत्न करू, असंही त्यात होतं.

समीक्षक-ज्युरीने दिलेली ही सर्वांत मोठी पावती. पण तिच्या बातमीत संगीताला जागा उरली नाही. निवेदनावर वाद झाले, दांभिकपणाचे आरोप झाले, समर्थनं झाली. 'वी ड्रिफ्ट'च्या मध्यावर काय घडतं म्हणून अकरा जणांना हा अल्बम इतर नवांपेक्षा सरस वाटला असेल, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. यात नुसत्या पत्रकारांना दोष देता येत नाही. शब्द नसलेल्या बँडने एकदाच सलग शब्द लिहून दिले. ते उचलले जाणारच होते. बँडलाही हे ठाऊक नसेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. नावं, पाकिटं, निवेदनं ही त्यांची नेहमीची हत्यारं. त्यांच्याबाबत 'राजकारण सोडून संगीताबद्दल बोला' असं म्हणणाराही तितकाच चुकतो, कारण वेष्टण हा कामाचाच भाग आहे. मुद्दा प्रमाणाचा आहे.

पुढे

२०१५ च्या 'असंडर, स्वीट अँड अदर डिस्ट्रेस' वेळी तोच प्रसंग पुन्हा आला. तो सगळा अल्बम २०१२ पासून मंचावर 'बेहेमथ' नावाने वाजत होता. या खेपेला जुनी टेप शेजारी ठेवायची सवय काहींना लागलेली होती, आणि पुनरागमनाची बातमी संपलेली असल्यामुळे जागाही मोकळी होती.

४ ऑक्टोबर २०२४ ला आलेल्या अल्बमने गाठ आणखी आवळली. त्याला नाव असं नाहीच. 'नो टायटल ॲज ऑफ १३ फेब्रुवारी २०२४ २८,३४० डेड', म्हणजे त्या तारखेपर्यंत गाझात मारल्या गेलेल्यांचा आकडा. परीक्षणाच्या मथळ्यात तो लिहावाच लागतो. न लिहिता अल्बमचा उल्लेखच करता येत नाही. २०१२ मध्ये नाव झाकून ऐकणं निदान शक्य होतं. इथे पहिल्या ऐकणीला नाव झाकायचं तर परीक्षणाची नेमणूक देणाऱ्या संपादकाने अल्बमचं नाव न सांगता नुसत्या फाइली पाठवायला हव्यात. ते कुणी करणार नाही. मग निदान नोंदींची वही दोन रकान्यांची ठेवावी, एकात वेळ आणि आवाज, दुसऱ्यात बाकी सगळं, आणि लिहायला बसताना पहिला रकाना आधी उघडावा.